थावराची करंगळी

दिग्रसला आमचं घर जिनाच्या भिंतीला लागून होतं. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. माझे बाबा तिथे फिटर होते. हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने यंत्रांची घरघर आमच्या भिंतींतून, भांड्यांतून चालू राही. माय फळीवर पितळी पेले उपडे मांडून ठेवी, ते हळूहळू सरकत काठाशी येत आणि ती येता-जाता त्यांना मागे लोटी. आम्ही सगळेच मोठ्याने बोलायचो. पुढे नागपूरला लोक मला विचारत, भांडतोस काय रे? मी भांडत नसे, माझा आवाजच तसा घडला होता. रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत आणि कशावरही बसत, तुरीच्या वरणावर, अंबाडीच्या भाजीवर, बाबांच्या मिशीवर. भाकर ताटात टाकायच्या आधी माय तिच्यावर फुंकर मारी. जेवताना मी आजही भाकरीवर फुंकर मारतो. सून म्हणते, बाबा, गार झालीय ती केव्हाची.

क्रिकेट आमच्याकडे आलं ते जिनाच्या म्यानेजरसाहेबांमुळे. ते मुंबईकडचे, सडेफटिंग गृहस्थ, आणि त्यांना त्या खेळाचं वेड होतं. जिनामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी काथ्याची मॅटिंग अंथरली, बाजारातले दोन कापड दुकानदार, पोस्टातला बाबू आणि शाळेतली आम्ही पाच-सहा पोरं एवढ्यांची टीम जमवली. विकेटकीपर होता वजनकाट्यावरचा कारकून. एका रविवारी चेंडू उसळून त्याच्या तोंडावर बसला, पुढचा दात गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो उन्हाची सबब सांगू लागला. साहेबांनी ग्लोव्ह माझ्यापुढे टाकले. ते माझ्या हाताच्या दीडपट होते, म्हणून मी आत रुई भरली. जिनात रुईला काय तोटा! तरीही संध्याकाळी बोटं सुजलेली असत. माय परातीत गरम पाणी, मीठ आणि हळद घालून माझे हात त्यात बुडवून ठेवी आणि जवळ बसून लसणाची मिरची वाटत राही. बाबा एकदाच बोलले, "हात सांभाळजो. वाकडे झाले तर पाना कोन धरीन?" मी फिटर व्हावं असं त्यांच्या मनात होतं. मला मात्र चेंडू हातात येऊन बसल्याचा तो भरीव आवाज ऐकल्याशिवाय करमेना.

थावरा माझ्या वर्गात होता. दिग्रसपासून तीन मैलांवर त्यांचा तांडा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आता बापाकडे थोडी कापसाची शेती, आणि उरल्या वेळात घरातले सगळे अंबाडीचे दोर वळत. थावरा पायी शाळेत येई, पायी जाई. दोर वळून वळून त्याचं मनगट असं झालं होतं की हातात येईल ती वस्तू तो फिरवी. दऊत, लिंबू, कवठ. मास्तर फळ्याकडे वळले की बाकावर कवठ गरगर फिरू लागे आणि वर्गात खसखस पिके. मी एका रविवारी त्याला ओढून मॅटिंगवर नेलं आणि हातात चेंडू दिला. पहिला चेंडू मॅटिंगच्या बाहेर पडला. दुसरा इतका वळला की कापड दुकानदार बॅट घेऊन जागच्या जागी गोल फिरला. म्यानेजरसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

दोन वर्षं मी त्याच्या गोलंदाजीवर कीपिंग केलं. स्टंपांना खेटून बसायचं, समोर बॅटवाल्याची पाठ, आणि पलीकडे थावराचा हात. त्याचा नेहमीचा चेंडू डावीकडून उजवीकडे जाई, आणि मधूनच एखादा, तशाच हाताने टाकलेला, उलट्या बाजूला वळे. आम्ही त्याला 'उलटा' म्हणायचो. त्या उलट्यापुढे यवतमाळ, पुसद, नेर कुठलीही टीम येवो, कोणाला काही उमगत नसे. मलाही पहिले काही महिने उमगलं नाही, माझ्या पायांतून कितीतरी चेंडू निसटले. मग एक दिवस दिसलं. उलटा टाकताना चेंडू सुटण्याच्या जरा आधी त्याची करंगळी ताठ उभी राही. फक्त उलट्यालाच. मी त्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. मग त्याने दहा-बारा टाकून पाहिले, करंगळी दाबून धरायचा प्रयत्न केला, तर चेंडू वळेचना.

"जाऊ दे," तो म्हणाला. "कोनाले दिसते इतल्या दुरून? तुलेच दिसते, तू घुबडावानी पाह्यत बसतो म्हनून."

"दिसत नाही कोनाले."

"पन सांगू नको. कोनालेच नाही, साहेबालेही नाही."

"नाही सांगत."

"मायची आन?"

"मायची आन," मी म्हणालो.

खेळ संपला की तो आमच्याकडे येई. सुरुवातीला माय त्याला ओसरीवर वाढायची, त्याचं ताट-पेला वेगळा कोपऱ्यात ठेवायची. ही गोष्ट लिहायला मला आज लाज वाटते, तेव्हा तिच्यात काही वावगं आहे असंही वाटत नव्हतं. थावरा जेवून ताट स्वतः घासून ठेवी. मग एका पावसाळ्यात मी तापाने आठ दिवस पडून होतो आणि तो रोज तीन मैल चिखल तुडवत मला पाहायला येई. नवव्या दिवशी मायने त्याला आत, चुलीपाशी बसवलं. वांग्याचं भरीत आणि भाकर वाढली. त्यानंतर तो वेगळा पेला कुठे गेला मला ठाऊक नाही. मी तांड्यावर गेलो की थावराची आई, तिला सगळे याडी म्हणत, मला हातावर थापलेली जाड बाटी आणि तिखटजाळ रस्सा वाढी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ती पोट धरून हसे. तिच्या हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि हसताना त्या सगळ्या वाजत.

मॅट्रिक झाल्यावर साहेबांकडे एक पत्र आलं. नागपूरच्या एका कापड गिरणीची मोठी टीम होती, त्यांना खेळाडू हवे होते. खेळायचं, आणि उरलेल्या वेळात गिरणीच्या कचेरीत बसायचं. पगार खेळण्याचा. निवड यवतमाळला होणार होती. साहेबांनी आमची दोघांची नावं कळवली. थावराच्या बापाने त्या वर्षी पहिल्यांदाच पोराला नवा सदरा शिवला. याडीने आमच्याबरोबर बाट्या बांधून दिल्या. मायने माझ्या कपाळाला दही लावलं आणि थावराच्याही लावलं. बसमध्ये आम्ही नागपूरला खोली कुठे घ्यायची, स्वयंपाक कोणी करायचा हेच बोलत होतो. थावरा म्हणाला, "बाटी मी करीन, पानी तू भरजो." दोघांनाही घेतील याबद्दल आम्हाला शंकाच नव्हती.

मैदानावर चाळीसेक पोरं जमली होती. गिरणीच्या टीमचे कप्तानसाहेब छत्रीखाली वही घेऊन बसले होते. थावराला लवकर बोलावलं. पहिल्याच षटकात त्याने एकाचा त्रिफळा उडवला, दुसऱ्या षटकात आणखी एकाचा. दोघेही उलट्यावर. स्टंपांमागे मीच होतो. कप्तानसाहेब छत्री सोडून पंचाच्या मागे येऊन उभे राहिले. "हा कुठला मुलगा?" त्यांनी विचारलं. कोणीतरी दिग्रस सांगितलं. मला तेव्हा जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या खाली एक काटा होता. त्यांनी माझ्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. ते दोन चेंडू कसे वळणार हे त्या सबंध मैदानात मला एकट्याला आधी कळलं होतं, आणि ते कोणाला दिसलं नव्हतं.

मग त्यांनी मला बॅट घ्यायला लावली. "तू ह्याचा कीपर ना? बघू, खेळून दाखव."

मी क्रीजवर गेलो. थावराने माझ्याकडे पाहून दात दाखवले. पहिला चेंडू साधा होता, मी अडवला. दुसऱ्याला करंगळी उभी राहिली आणि मी मुद्दाम चुकलो. बॅट हवेत फिरवली, चेंडू स्टंपांच्या वरून गेला. कप्तानसाहेब शेजारच्या माणसाला म्हणाले, "कीपिंग बरं आहे, पण बॅट धरता येत नाही." ते मला ऐकू आलं. पुढचा उलटा आला तो मी पुढे होऊन तारेच्या कुंपणापर्यंत मारला. त्याच्या पुढचाही. साधे सोडून देत होतो, उलटे मारत होतो. थावरा हसत होता, दोन्ही हात कमरेवर ठेवून मान हलवत होता. त्याला राग आला नव्हता. मी नीट पाहिलं होतं, म्हणून सांगतो.

मी तंबूत येऊन बसलो. यवतमाळच्या कॉलेजातला एक मुलगा माझ्या शेजारी आला. इस्त्रीची पांढरी पँट, अंगाला साबणाचा वास. सकाळपासून त्याने आम्हा दोघांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने लिंबाच्या सरबताचा ग्लास माझ्यापुढे केला. "कमाल आहे यार तुझी," तो म्हणाला. "त्याचा तो चेंडू कोणाच्या बापाला कळत नाही. तुला कसा कळतो?"

मी म्हणू शकलो असतो, सवयीने कळतो. तेही खोटं नव्हतं. पण कोणीतरी मला विचारत होतं. त्या सबंध दिवसात पहिल्यांदा कोणीतरी मला काही विचारत होतं, आणि तो सरबताचा ग्लास अजून माझ्या हातात होता. मी दुसरा हात वर केला, चेंडू धरल्यासारखी बोटं वळवली आणि करंगळी उभी केली. "ही अशी उभी राहते," मी म्हणालो, "चेंडू सुटायच्या आधी." त्याला नीट समजेना म्हणून मी परत करून दाखवलं. दुसऱ्यांदा हात वर असतानाच माझी नजर मैदानाकडे गेली. थावरा गोलंदाजीच्या खुणेवर उभा होता, चेंडू हातात घेऊन, आणि तंबूकडे पाहत होता. माझ्या हाताकडे.

कॉलेजवाला मुलगा खेळायला गेला. पहिला उलटा त्याने मारला, दुसरा मारला. पुढच्याला त्याने जाता जाता कानात सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. मग थावराने उलटा टाकणंच सोडलं. नुसते साधे टाकत राहिला, आणि शेवटी तेही वळेनासे झाले. मॅटिंगवरून सरळ, मऊ, एखाद्या लहान मुलाला खेळवावं तसे चेंडू. कप्तानसाहेब छत्रीखाली परत गेले. "वळवतो छान," ते म्हणाले, "पण लगेच कळतो." वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी नावं वाचली. माझं होतं, कॉलेजवाल्याचं होतं.

परतीच्या बसमध्ये थावरा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला, मी मागे. मधे पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. आर्णीला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून गरम आलुबोंडे घेतले आणि कागदाचा पुडा त्याच्यापुढे धरला. त्याने नाही म्हटलं नाही. एक घेतला, सावकाश खाल्ला, हात धोतराला पुसले.

"मले मारलं त्याचं काही नाही, वामन," तो म्हणाला. "तू मारनारच होता. नाही मारत तर तुलेही नसतं घेतलं." गाडी सुरू झाली होती. तो खिडकीबाहेर पाहत होता, बाहेर ज्वारीचं रान मागे पळत होतं. "पन ते बोट काहून दाखवलं?"

मी पुडा परत गुंडाळला. उत्तर फार क्षुल्लक होतं. एक ग्लास सरबत आणि दोन गोड शब्द. दिग्रसला उतरल्यावर तो आमच्या घराकडे वळला नाही, सरळ तांड्याच्या रस्त्याला लागला.

मायने त्या दिवशी दोघांसाठी गोड शेवया करून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, त्याला घाई होती. नागपूरला जायला महिनाभर अवकाश होता, त्या महिन्यात तो एकदाही आला नाही. माय रोज विचारी, "थावरा काहून येऊन नाही राह्यला?" मी म्हणे, शेतात काम आहे. मग बाजाराच्या दिवशी त्याचा बाप ओसरीशी येऊन उभा राहिला. हातात टीमने थावराला दिलेले कॅनव्हासचे बूट होते, धुतलेले, वर खडू लावून पांढरेशुभ्र केलेले. "साहेबाले देऊन टाक म्हने," तो मायला म्हणाला. "पोट्टा खेळत नाही आता. काय झालं तं सांगत नाही." तो गेल्यावर माय ते बूट हातात घेऊन बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू केलं न काहीतरी?" मी मान खाली घातली. जायच्या दिवशी तिने दही लावलं, लाडू बांधून दिले, सगळं केलं, पण मला जवळ घेतलं नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. तिच्याशी बोलायचं ते राहून गेलं.

माझ्या खेळण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गिरणीसाठी मी पाच हंगाम कीपिंग केलं, सहाव्या नंबरवर बॅटिंग केली, एक हंगाम प्रांताच्या संघातही होतो. वर्तमानपत्रात दोनदा नाव आलं. नागपूरला नावाजलेले फिरकी गोलंदाज होते. त्यांच्यामागे बसताना मला कधी जड गेलं नाही. लोक विचारत, एवढ्या लहान गावातून येऊन हे कुठे शिकलास? मी म्हणे, असंच. मग एका सामन्यात मॅटिंगच्या दुमडीवरून चेंडू उडाला आणि डाव्या हाताचं मधलं बोट मागे वाकलं. ते नीट जुळलं नाही. दोन महिन्यांनी मी परत उभा राहिलो तर झेल सुटू लागले. माझ्या जागी एक तरणा पोरगा आला, चांगला होता. मला कचेरीतच कायम करण्यात आलं. कप्तानसाहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नशीबवान आहेस, नोकरी तर राहिली." खरंच होतं ते.

त्याच हिवाळ्यात मी दिग्रसला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर. कापसाची वेचणी चालू होती. थावरा अंगणातल्या गोठ्याशी बैलाच्या खुराला औषध लावत होता. रुंद झाला होता, मिशी ठेवली होती. मला पाहून उठला, हात धुतले, बाज टाकली.

"बसा," तो म्हणाला. "केव्हा आले तुमी?"

आम्ही एकमेकांना जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "थावरा, मी आहे रे, वामन."

"हो, वळखलं न. चाहा घेसान?" बायकोला त्याने त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, चहा आला. त्याने माझ्या नोकरीबद्दल विचारलं, बाबांच्या तब्येतीबद्दल विचारलं. मी म्हणालो, माझं खेळणं सुटलं. त्याने माझं बोट हातात घेऊन सांधा दाबून पाहिला, जसा बैलाचा पाय पाहत होता तसाच. "थंडीत दुखत असन," म्हणाला. "तेल गरम करून लावत जा." मी सुरुवात केली, "थावरा, त्या दिवशी यवतमाळले..." तर तो उठला. "बैल राह्यला माहा," म्हणाला, आणि गोठ्याशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

याडी दाराशी बसून सरकी निवडत होती. केस पांढरे झाले होते. ती सरकत माझ्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वामन, तुमचं दोघांचं काय झालं होतं रे? मी त्याले किती खेपा पुसलं. तोंडच उघडत नाही. तू तं सांग."

इतकी वर्षं जे कोणाला सांगता आलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. म्हणालो, "याडी, तो बॉल टाकायचा तेव्हा त्याचं एक बोट उभं राहायचं. ते मलाच माहीत होतं. सांगणार नाही म्हणून मी मायची शपथ घेतली होती. आणि मी ते दुसऱ्याले सांगून दिलं."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आणखी काहीतरी येईल म्हणून वाट पाहत होती. मारामारी, चोरी, कोणाच्या पोरीची भानगड. काही येत नाही हे लक्षात आल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा इतक्या वर्षांचा घोर एकदम उतरला.

"इतलंच?" ती म्हणाली, आणि हसायला लागली. "बोट? अरे पोट्टेहो, इतलंच?"

गोठ्यात थावराचा हात बैलाच्या पायावर थांबला होता. तो ऐकत होता. तो आता वळेल असं मला वाटलं, मी वाट पाहिली.

"हो याडी," मी म्हणालो. "इतलंच."

त्याने बैलाचा पाय खाली ठेवला आणि दुसरा उचलला.